भोगव्याच्या बीचवर गरीला लागलेला हा मासा कोणता?

काल पहाटे भरती चढताना भोगव्याला गेलेलो, किनाऱ्यावर चिटपाखरू नाही, छोटा गळ, कोळंबीचा तुकडा लावून लाटा फुटतात तिथेच टाकला आणि वीतभर लांब, निमुळता, वाळूच्या रंगाचा चमकदार मासा आला, तोंड टोकदार आणि एकदम लहान. बरोबरचा मित्र म्हणतो रावसाचं पिल्लू. खरंच का?

↳ पाठीवर पर किती होते? आणि छातीच्या पराखाली मिशांसारखे सुटे धागे होते का? रावसाला असे चार असतात, तोंडही मोठं, नाकाच्या खाली.

↳ पर दोन, पुढचा काटेरी, मागचा लांबलचक. धागे अजिबात नव्हते.

↳ मग मुडदुशीच दादा! घाबरली की वाळूत घुसून बसते, आणि किनाऱ्यालगतच फिरते, म्हणून गळ लांब फेकायची गरजच नाही, पायाजवळच्या खळग्यात पण मिळते. रवा लावून तळा, काटा कमी, पोरं पण खातात. फक्त शिंगाळा (मिशीवाला कॅटफिश) लागला तर हाताने सोडवू नका, पक्कड वापरा, त्याचे काटे विषारी असतात, माझा हात दिवसभर ठणकत होता.