महायुद्धाच्या काळातलं (१९३९–४६) नगरपालिकेचं प्रोसिडिंग बुक कसं वाचावं?

तालुकावासी

तालुक्याच्या एका लहान गावच्या नगरपालिकेची १९३९ ते १९४६ ची प्रोसिडिंग बुकं (सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या) वाचतो आहे. गाव तेव्हाच्या मुंबई इलाख्यातलं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गावचा कारभार कसा चालला, यावर मोठा लेख लिहायचा आहे. ठराव वाचता येतात, पण त्यामागचं कारण कळत नाही. अडलेल्या जागा अशा:

१. १९४२ च्या उन्हाळ्यात रस्त्यावरचे कंदील कमी केल्याचा ठराव आहे, कारण दिलेलं नाही. हा ब्लॅकआऊट (हवाई हल्ल्याच्या भीतीने केलेली प्रकाशबंदी) समजायचा का?
२. माल येत नाही म्हणून व्यापाऱ्यांचे अर्जावर अर्ज आहेत, पण जकातीचं (गावात येणाऱ्या मालावरच्या कराचं) उत्पन्न फारसं घटलेलं दिसत नाही. हे कसं?
३. १९४२ च्या पावसाळ्यानंतर सभा वारंवार तहकूब होतात, आणि काही सभासदांना एकापाठोपाठ एक रजा मंजूर केल्याचे ठराव येतात.
४. सभेची वेळ पाचची एकदम सहा होते आणि तीन वर्षं तशीच राहते.

कागद फार ठिसूळ झाला आहे, त्याबद्दलही सांगा.

जमाखर्च

पहिल्या दोन प्रश्नांवर लिहितो. आधी एक सांगतो, युद्धकाळातला ठराव एकटा वाचू नका. ठराव म्हणजे निर्णयाचं शेवटचं टोक. त्याच महिन्याचं आवक रजिस्टर (आलेल्या पत्रांची नोंदवही) आणि त्या वर्षाचं अंदाजपत्रक शेजारी उघडून बसा. आवकेत कलेक्टर कचेरीचं पत्र दिसलं आणि आठ-पंधरा दिवसांत सभेत ठराव आला, तर विषय वरून आलेला. पत्र नाही आणि जमेची एखादी बाजू बसलेली दिसते, तर निर्णय गावाच्या अडचणीतून आलेला. दोन्ही प्रकारच्या ठरावांची भाषा सारखीच असते, त्यामुळे नुसत्या मजकुरावरून फरक कळत नाही.

कंदील: १९४२ च्या उन्हाळ्यात दोन कारणं एकाच वेळी आली. मार्च १९४२ मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचं रॉकेल बंद झालं. ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकीनाड्यावर जपानी बॉम्ब पडले, तेव्हा प्रकाशबंदीची हालचाल वाढली. ठरावात काय करायला सांगितलंय ते पाहा. दिव्याला वरून टोपण, काचेचा वरचा भाग काळा करणं, भोंगा वाजताच दिवे मालवणं असं काही असेल तर ती प्रकाशबंदी. ‘एकाआड एक कंदील लावावा’, ‘रात्री दहानंतर लावू नये’, ‘मक्तेदारास तेल मिळत नाही’ असं असेल तर ती तेलाची टंचाई. आतल्या भागातल्या लहान गावात मला दुसरीच शक्यता जास्त वाटते.

ठरावात कंदिलांचा आकडा नसला तरी तेलावरून काढता येतो. रॉकेलचा डबा ४ गॅलनचा, म्हणजे साधारण १८ लिटर. गॅलनच्या ६ बाटल्या धरल्या तर डब्याच्या २४. समजा, महिन्याला २० डबे खर्ची पडले आणि दिवे २० रात्री लागले. म्हणजे रात्रीला एक डबा, २४ बाटल्या. मक्त्याच्या अटीत तीन कंदिलांना एक बाटली धरली असेल तर त्या महिन्यात ७२ कंदील जळत होते. दर कंदिलामागे तेल किती, हे मक्त्याच्या कागदातच बघा, अंदाजाने धरू नका. आणि चांदण्या रात्री दिवे न लावण्याची पद्धत बऱ्याच नगरपालिकांत होती, म्हणून महिन्याच्या सगळ्या रात्री मोजल्या तर कंदील प्रत्यक्षापेक्षा कमी निघतील.

जकात: इथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून जरा सविस्तर. जकातीचे दर दोन प्रकारचे. धान्य, गूळ, साखर, मीठ असल्या मालावर वजनावर, मणाला इतके आणे. कापड, भांडी, किराणा, औषधं यांवर किमतीवर, शेकडा इतके. वॅगन मिळेनाशा झाल्या, जिल्ह्याबाहेर धान्य न्यायला बंदी आली, तेव्हा वजनावरची जकात पडली. त्याच वेळी भाव चढल्यामुळे किमतीवरची जकात तगली.

उदाहरण घ्या. समजा, युद्धाआधी दोन्ही बाजूंनी शंभर-शंभर रुपये यायचे. माल चार दशांश कमी आला आणि भाव दुप्पट झाले. वजनाची बाजू ६० रुपयांवर आली. किमतीची बाजू माल ०.६ गुणिले भाव २, म्हणजे १२० रुपये. एकूण १८०. पूर्वीच्या दोनशेपुढे हा आकडा ‘फारसा घटला नाही’ असाच दिसतो. पण त्या १८० रुपयांत आता पूर्वीच्या ९० रुपयांचीच खरेदी होते, आणि झाडूवाले, शिपाई, नाकेदार यांना महागाई भत्ता द्यायचा तो याच पैशांतून. म्हणून जकातीच्या एकूण आकड्यावर विसंबू नका, नाकेवार आणि मालवार तक्ता शोधा. नाही सापडला तर दोन्ही बाजूंचं प्रमाण निदान जकात-नियमांतल्या दरपत्रकावरून ताडता येईल.

शिवाय सरकारी आणि लष्करी मालाला जकात माफ असे, दाखला दाखवला की गाडी सुटायची. धान्याची खरेदी सरकारमार्फत सुरू झाल्यावर खाजगी व्यापाऱ्याचा कोणता माल सरकारी खात्यावर गेला, तेही तपासा. परताव्याची (गावाबाहेर परत गेलेल्या मालावरची परत दिलेली जकात) रक्कम वजा करून उत्पन्न दाखवलंय की न करता, हे दर वर्षी वेगळं असू शकतं. त्यामुळे दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडण्याआधी तळटीप वाचाच.

पिवळीपाने

तिसरा आणि चौथा प्रश्न.

सभेची वेळ सोपी आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून देशभर घड्याळं एक तास पुढे केली, ती १५ ऑक्टोबर १९४५ ला पुन्हा मागे आली. नव्या वेळेचे सहा म्हणजे जुन्या वेळेचे पाच. सभासद पूर्वीच्याच उन्हात सभेला येत होते. दिवे लावण्याच्या आणि नळ सोडण्याच्या वेळा मांडताना हा तास लक्षात ठेवा, नाहीतर १९४२ नंतर दिवे उशिरा लागायला लागले असा चुकीचा निष्कर्ष निघेल. काही ठिकाणी ‘जु. वे.’, ‘न. वे.’ अशी खूण केलेली असते.

आता रजेचे ठराव. परवानगीशिवाय कायद्यातल्या मुदतीपलीकडे गैरहजर राहिलं की सभासदाची जागा रिकामी धरली जाई. ९ ऑगस्ट १९४२ नंतर ‘छोडो भारत’ चळवळीत जे तुरुंगात गेले किंवा भूमिगत झाले, त्यांची जागा वाचवायची तर सभेने रजा मंजूर करणं हाच मार्ग होता. म्हणून ‘अमुक यांस तीन महिने रजा मंजूर’ ही कारण न देता लिहिलेली ओळ फार महत्त्वाची आहे. सूचक कोण, अनुमोदक कोण, विरुद्ध मतं किती, हे उतरवून घ्या. त्या काळी त्या ओळीला हात वर करणं ही उघड भूमिका होती. रजा नामंजूर झाली असेल तर पुढची पोटनिवडणूक किंवा सरकारी नेमणूकही शोधा. अशीच एक लहान लाट ऑक्टोबर १९४० पासून वैयक्तिक सत्याग्रहात दिसेल, ती सुटू देऊ नका.

तहकुबीचं कारण बहुधा कोरम (सभेला लागणारी किमान हजेरी) न भरणं. पण तहकूब होऊन पुन्हा भरलेल्या सभेला सामान्यतः कोरमची अट नसे, त्यामुळे उरलेले चार-पाच जण सगळं कामकाज उरकू शकत. मोठ्या खर्चाचे ठराव मूळ सभेत झाले की तहकूब सभेत, असा वेगळा रकाना करा. चित्र लगेच स्पष्ट होतं.

निवडणुकीची मुदत संपूनही तीच नावं दिसत असतील तर मुदतवाढीचा सरकारी हुकूम आवकेत किंवा गॅझेटात असेल. नोव्हेंबर १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यापासून १९४६ पर्यंत इलाख्यात गव्हर्नरची राजवट होती. त्या काळातल्या कागदात ‘सरकार’ म्हणजे निवडून आलेलं सरकार नव्हे, हे लेखात एकदा स्पष्ट लिहा.

कागदाबद्दल: युद्धात कागदाची टंचाई होती, जो मिळाला तो हलका. पाठकोऱ्या नमुन्यांवर, समास न सोडता, पेन्सिलीनेसुद्धा लिहिलेलं आढळतं. चिकटपट्टी अजिबात लावू नका, तिचा डाग कायमचा राहतो. पान बोटाला थुंकी लावून उलटू नका. बुक पूर्ण सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या देऊन अर्धवट उघडं ठेवा. फ्लॅश नको, खिडकीचा तिरपा उजेड घ्या. पेन्सिलीचा मजकूर त्यात उठून दिसतो. प्रत्येक फोटोत पान क्रमांक यायला हवा. क्रमांक नसेल तर बाजूला चिठ्ठी ठेवून फोटो काढा, मूळ पानावर काही लिहू नका.

वऱ्हाडी

जमाखर्च यांनी मण वापरला, तिथे एक दुरुस्ती. मण कोणता, ते आधी ठरवा. बंगाली मण ४० शेरांचा, साधारण ३७ किलो. मुंबईचा मण २८ पौंडांचा, १३ किलोहून थोडा कमी. जवळजवळ तिपटीचा फरक आहे. रेल्वेच्या पावत्यांवर बंगाली मण असायचा, बाजारात स्थानिक. जकातीच्या दरपत्रकाच्या सुरुवातीला व्याख्या असते, ती पाहिल्याशिवाय टनांत रूपांतर करू नका.

रकमा रुपये-आणे-पै अशा आहेत: १२ पैंचा आणा, १६ आण्यांचा रुपया. बेरजा तपासताना दशांशात टाकायच्या असतील तर प्रत्येक रक्कम आधी पैंमध्ये करा (रुपया म्हणजे १९२ पै), मग बेरीज.

हा धागा इतर भागांतले लोकही वाचतील, म्हणून सांगतो. मुंबई इलाख्यातल्या लहान नगरपालिका १९०१ च्या डिस्ट्रिक्ट म्युनिसिपल कायद्याखाली, मोठ्या १९२५ च्या बरो कायद्याखाली. विदर्भात १९२२ चा मध्य प्रांताचा कायदा, त्यामुळे अधिकाऱ्यांची नावं आणि मंजुरीची उतरंड वेगळी. मराठवाडा निजामाच्या राज्यात, तिथे फसली सन (महसुली कालगणना) आणि हाली सिक्का (निजामाचं नाणं). फसली १३५० म्हणजे ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१. सात हाली रुपये साधारण सहा कलदार (ब्रिटिश) रुपयांच्या बरोबर. सांगली, मिरज, औंध यांसारख्या संस्थानांत त्यांचे स्वतःचे नियम. एका ठिकाणचं कोष्टक दुसरीकडे लावू नका.

तालुकावासी

सगळ्यांचे मनापासून आभार, रजेच्या ठरावांकडे तर मी नुसतं बघून पुढे गेलो होतो. आणखी दोन गोष्टी. युद्धफंडाला वर्गणी दिल्याचा ठराव आहे, पण त्या वर्षीच्या जमाखर्चात ती रक्कम सापडत नाही. आणि १९४४ मध्ये गावाबाहेर खड्डे खणण्यासाठी रक्कम मंजूर झाली आहे. हे खंदक हवाई हल्ल्यासाठीचे असतील का? दप्तरात साठ्याची रजिस्टरं आणि व्हाउचरं नाहीत, असं सांगतात.

जमाखर्च

युद्धफंड: नगरपालिकेचा पैसा कायद्यात दिलेल्या कामांवरच खर्च करता येई. त्याबाहेरच्या रकमेला वरची मंजुरी लागे. ठराव झाला, पण मंजुरी आली नाही किंवा लोकल फंड ऑडिटने (सरकारी हिशेबतपासणीने) हरकत घेतली, तर रक्कम पडून राहायची किंवा सभासदांकडून वसूल करण्याचा विषय निघायचा. दोन वर्षं पुढची ऑडिट नोट वाचा. किरकोळ खर्च आणि अनामत ही खातीही पाहा. आणि डिफेन्स सेव्हिंग सर्टिफिकेटं घेतली असतील तर ती गुंतवणूक, खर्चात दिसणारच नाही.

व्हाउचरं नसणं स्वाभाविक आहे. प्रोसिडिंग बुक कायम जपायच्या वर्गात येतं, व्हाउचरं ठरलेल्या वर्षांनी नष्ट करतात. तरी तोंडी उत्तरावर थांबू नका. माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज द्या आणि त्यात ‘अभिलेखांची पाहणी’ मागा, नुसत्या प्रती नकोत. सोबत नष्ट केलेल्या अभिलेखांची यादीही मागा. कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांहून जुनी माहिती नाकारायला फारच थोडी कारणं उरतात. पर्यायी कागद कलेक्टर कचेरीच्या अभिलेख कक्षात आणि मुंबई-पुण्याच्या पुराभिलेखागारांत शोधा.

पिवळीपाने

१९४४ चे खड्डे हवाई हल्ल्याचे असण्याची शक्यता मला कमी वाटते. ते बहुधा ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेतले कंपोस्टचे खड्डे. तेव्हा गावचा केरकचरा आणि मैला यांपासून खत करण्यावर सरकारचा भर होता. मापावरून ओळख पटेल. कंपोस्टचा खड्डा ३ फूट खोल, ५ ते ८ फूट रुंद, १५ ते ३० फूट लांब, वस्तीपासून निदान अर्धा मैल दूर. आश्रयाचे खंदक याउलट अरुंद, नागमोडी आणि शाळा, बाजार, कचेरी यांच्या जवळ असतात.

भरायची रीत अशी: तळाशी ६ इंच केर, वर २ इंच मैला, पुन्हा केर, असं करत जमिनीच्या वर फूटभर येईपर्यंत. शेवटचा थर केराचा, १० इंचांचा, त्यावर माती. चार ते सहा महिन्यांत खत तयार. मैल्याचा थर जाड झाला किंवा वरचा केर कमी पडला की माश्या आणि दुर्गंधी, आणि मग शेजारच्या शेतमालकांचे अर्ज. ते अर्ज सापडले तर शंका उरणार नाही. पुढच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला खतविक्रीचं किंवा खत-लिलावाचं नवं शीर्षक आलंय का पाहा. गाडीमागे दर लिहिलेला असेल तर त्यावरून वर्षाला किती गाड्या खत निघालं तेही काढता येईल.