मदत हवी आहे: रीमॅपनंतर पोलो चौथ्या गिअरला अडखळते

घाटवेडा:
स्टेज १ रीमॅप करून घेतलाय, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून ताकद वाढवलीये. खालून मस्त ओढते, पण चौथ्यात साडेतीन हजार आरपीएमच्या वर पूर्ण दाबली की धक्के बसतात, इंजिनाचा दिवा लुकलुकतो. ट्यूनर म्हणतो पेट्रोल खराब. पुढच्या आठवड्यात कोइम्बतूरला करी स्पीडवेवर ट्रॅक डे आहे, पैसे भरून झालेत. लवकर उपाय सांगा. 'रीमॅप काढून टाक' हे सोडून.

नटबोल्ट:
कुठली पोलो? १.२ की १.०? स्पार्क प्लग कधी बदललेत? स्कॅनरवर बिघाडाचा कोड काय? आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

टर्बोतात्या:
मोठा इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) टाक, विषय संपला. मी टाकल्यापासून भर उन्हातही गाडी ढिली पडत नाही.

सावकाश_जोशी:
डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) जपा. सात गिअरवाल्याचा कोरडा क्लच २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतचाच आहे. रीमॅपवाले हे सांगत नाहीत.

घाटवेडा:
१.० टीएसआय, २०२१, मॅन्युअल. डीएसजी नाहीये! प्लग कंपनीने दिलेलेच. कोड संध्याकाळी बघतो.

नटबोल्ट:
तात्या, १.० चा इंटरकूलर इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो, पाण्याने थंड होणारा. बंपरमागे दुसरा टाकायचा म्हणजे सगळं पाइपिंग नव्याने करायचं. आठवड्यात?

टर्बोतात्या:
हवा थंड तर नॉक (पेट्रोलचं भलत्या वेळी आपोआप पेटणं) कमी. चूक असेल तर सांग.

नटबोल्ट:
बरोबरच आहे. पण लुकलुकणारा दिवा नॉकचा नसतो, मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल न पेटण्याचा असतो. घाटवेडा, तशीच दाबत राहिलात तर न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन तो भाजून निघेल. कोड येईपर्यंत हळू चालवा.

कलम_५२:
आरसीत नोंद नसलेला बदल मोटार वाहन कायद्यात बसत नाही. शर्यतीत झालेलं नुकसान नेहमीच्या विम्यात मिळत नाही, तेही वाचून ठेवा.

टर्बोतात्या:
आले वकीलसाहेब.

घाटवेडा:
पी ०३०२.

नटबोल्ट:
म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर. त्याची कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) तिसऱ्यावर, तिसऱ्याची दुसऱ्यावर. कोड पुसा, चालवून बघा. ०३०३ आला तर कॉइल गेली. ०३०२ च राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करा. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढला की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कंपनीच्या मॅपवर चालून गेलेली कमजोर कॉइल आता उघडी पडते. प्लग तसेही बदलाच, एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) घ्या. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये उलटं. दुकानदार हमखास गोंधळ घालतात. आणि मॅप किती ऑक्टेनच्या पेट्रोलवर लिहिलाय ते ट्यूनरकडून लेखी घ्या.

सावकाश_जोशी:
इंजिनाचं पुरे, ब्रेक फ्लुइड कधी बदललंय? नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, ओल धरलेलं १५५ लाही उकळू शकतं. करी जेमतेम २.१ किलोमीटरचा, सारखे ब्रेक लागतात. तिथे पेडल खाली गेलं तर स्टेज १ काय कामाचा?

मिसळप्रेमी:
पुण्याहून चालवत नेणार का ट्रेलरवर? चालवत असाल तर वाटेत कोल्हापूरला थांबा.

घाटवेडा:
०३०३ आला! कॉइल मागवली, प्लगही. फ्लुइड शनिवारी बदलतो. ऑक्टेनचं विचारलंय, ट्यूनरने मेसेज बघितलाय, उत्तर नाही.

टर्बोतात्या:
इंटरकूलरचं मात्र मनावर घे.