मदत हवी आहे: नव्या इन-इअर इअरफोनचा बेस पोकळ, आवाजही पडलेला

हळदबाजार_सांगली:

मंडळी, नवीन वायरचे इन-इअर घेतलेत. ३.५ मिमी पिन, माइकवाले. खोक्यावर १६ ओहम (विजेला होणारा विरोध) आणि १०४ डीबी (आवाजाची पातळी) छापलंय. तबल्याची चाट (कडेवरचा चढा बोल) टणटणीत ऐकू येते, डग्गा (खालच्या सुराचा जोडीदार) मात्र नुसता टप टप. घुमारा अजिबात नाही. व्हॉल्यूम शेवटपर्यंत नेला तरी सांगली-मिरज बसमध्ये गाणं इंजिनाखाली दबतं. उजव्या कानात डाव्यापेक्षा जरा कमी येतं.

फोन अँड्रॉइड, जॅक फोनलाच आहे, कव्हर जाड. सोबत छोटे, मधले, मोठे असे तीन मापांचे रबर आलेत, सध्या मधले लावलेत. छोटा हेडफोन अँप (अँप्लिफायर, आवाजाची ताकद वाढवणारं यंत्र) घ्यावा का? की बेस बूस्टर अ‍ॅपने भागेल? दुकानातून बदलून मिळायची मुदत अजून आहे, त्यामुळे पीसच खराब असेल तर तेही सांगा.

खर्ज_मिरज:

अँप घेऊ नका, आणि इतक्यात बदलूनही आणू नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून हा फटीचा प्रकार दिसतो.

इन-इअरच्या आतला पडदा साधारण ६ ते १० मिलिमीटरचा. एवढासा पडदा बेस देऊ शकतो तो कानाची नळी बंद असते म्हणून. हवा कोंडलेली असली की पडदा हलेल तसा दाब सरळ कानाच्या पडद्यावर येतो. रबराच्या कडेला बारीक फट राहिली तरी खालचे सूर तिथून निसटतात आणि वरचे जागच्या जागी राहतात. ५० हर्ट्झच्या (सेकंदाला ५० कंपनं, म्हणजे खोल बेस) आसपास १५-२० डीबीचा खड्डा सहज पडतो. मग माणूस व्हॉल्यूम वाढवत बसतो. वाढते ती फक्त चाट, कान दुखायला लागतो आणि डग्गा जिथल्या तिथे.

खात्री करायला गाणं चालू ठेवून दोन्ही इअरफोन बोटाने हलकेच आत दाबून धरा. बेस एकदम भरून आला आणि बोट काढल्यावर गेला, की फट आहे हे नक्की. दुसरी खूण, गाणं बंद करून तोंड मिटून "म्म्म" असा सूर लावा. गुंजन दोन्ही कानांत सारखं भरलं पाहिजे. ज्या बाजूला ते पातळ लागेल, ती बाजू गळतेय.

आता रबर. मोठे आधी लावून बघा. बहुतेक लोक खोक्यातून आलेले मधलेच वापरत राहतात आणि इथेच घोळ होतो. दोन्ही कान एका मापाचे असतीलच असं नाही, एकीकडे मधला आणि दुसरीकडे मोठा लावायला काही हरकत नाही. रबर नॉझलच्या (इअरफोनच्या पुढच्या नळीच्या) खाचेत पूर्ण चढवा, अर्धवट राहिला तर इअरफोन काढताना कानात अडकून बसतो.

बसवायची रीतही महत्त्वाची आहे. उजवा बसवताना डावा हात डोक्यामागून नेऊन उजव्या कानाची वरची कड वर आणि मागे ओढा. नळी सरळ होते. मग इअरफोन किंचित फिरवत आत न्या आणि कान सोडा. नुसता समोरून खुपसला तर रबराचं तोंड नळीच्या भिंतीवर टेकतं, म्हणजे फटही राहते आणि आवाजही अडतो. वायर खाली ओढली जाऊन सील (रबराचं हवाबंद बसणं) सुटत असेल तर ती कानावरून मागे टाकून बघा. बऱ्याच सरळ आकाराच्या इअरफोनना हे चालतं, फक्त माइक तोंडापासून दूर जातो.

मोजून बघायचं असेल तर टोन जनरेटर (हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं) अ‍ॅप घ्या. व्हॉल्यूम पाव ठेवा आणि २०० हर्ट्झवरून ४० पर्यंत सावकाश उतरा. १०० च्या खाली आवाज कडा तुटल्यासारखा विरला तर गळती आहे. हळूहळू मंदावत गेला तर ठीक. खालचे सूर कानालाच कमी ऐकू येतात, आणि आवाज जितका हळू तितका हा फरक जास्त. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली याचे आलेख मांडले होते. त्यामुळे हळू आवाजात बेस थोडा कमी वाटणं हा दोष धरू नका.

वीणा_ताई:

खर्जदादा, टोनपेक्षा तानपुरा अ‍ॅप लावून बघितलं तर? काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची तार ६९ हर्ट्झच्या आसपास येते. तानपुरे बनवणाऱ्या मिरजेच्या माणसांना ती ओळखीचीही आहे.

खर्ज_मिरज:

ताई, सूर बरोबर सांगितलात, पण या कामाला तानपुरा फसवतो. जवारीमुळे (तारेच्या घोडीवरच्या झणकारामुळे) वरचे स्वरांश इतके ठळक असतात की मूळ ६९ हर्ट्झ जवळजवळ गायब असला तरी कान तो सूर भरून काढतो आणि खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो. डग्ग्याचं अलीकडचं स्वच्छ रेकॉर्डिंग घ्या. "घे"चा घुमारा आणि मनगट सरकवून काढलेली मींड लांबेपर्यंत ऐकू येते का बघा. सील नसेल तर थाप ऐकू येते, शेपूट नाही.

आणि एक. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवर बेस तपासू नका. खाँसाहेब १९३७ ला गेले. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात खालचा पट्टा मुळातच नाही. तिथे बेस वाढवला तर घरघर वाढेल.

चार_भागांची_पिन:

खर्जदादांनी सांगितलेलं आधी कराच. पण जाड कव्हर म्हणालात म्हणून दुसरी शंका आहे.

तुमच्या पिनेवर तीन काळे पट्टे असणार, म्हणजे चार भाग. टोकाला डावा, मग उजवा, मग ग्राउंड (दोन्ही बाजूंची सामाईक परतीची वाट), सगळ्यात मागे माइक. कव्हरच्या भोकाला पिनेचं जाड प्लास्टिक टेकलं की पिन मिलिमीटरभर बाहेर राहते आणि ग्राउंडचा संपर्क सुटतो. मग दोन्ही बाजू एकमेकींतून वजा होऊन ऐकू येतात. बेस आणि मुख्य गायकाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा भरलेला असतो, तो वजाबाकीत उडतो. उरतो आजूबाजूचा वाद्यमेळ आणि घुमणं, विहिरीतून आल्यासारखं.

कव्हर काढून पिन "टक" होईपर्यंत दाबा. नंतर फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा. ग्राउंड सुटलेलं असेल तर मोनोत आवाज जवळजवळ बंद होईल, कारण दोन्ही बाजू सारख्या झाल्या की वजाबाकी शून्य. संपर्क नीट असेल तर गाणं पूर्वीसारखंच वाजेल. त्याच पानावर डावा-उजवा बॅलन्सची पट्टी असते, ती बरोबर मध्ये आहे ना तेही बघा. तपासून झालं की मोनो बंद करायला विसरू नका.

जॅकमध्ये खिशातला कापूस आणि धूळ दाबून बसते, त्यामुळेही पिन पूर्ण जात नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने कडेने उकरून काढा. टाचणी किंवा सेफ्टीपिन घालू नका, आतल्या पत्र्या वाकतात.

गाव_ते_गाव:

प्ले स्टोअरवरचं कुठलंही बेस बूस्टर टाका आणि सगळं फुल करा राव, दणदणीत वाजेल.

खर्ज_मिरज:

तसं करू नका. फुल व्हॉल्यूमवर आणखी बूस्ट दिला की सिग्नलचा माथा कापला जातो, डग्ग्याऐवजी फरफर ऐकू येते. ६ डीबी वाढवायचे म्हणजे व्होल्टेज दुप्पट आणि पॉवर चौपट लागते.

सील झाल्यावरही बेस कमी वाटला तर इक्वलायझर (वेगवेगळ्या सुरांच्या पट्ट्या कमी-जास्त करायची सोय) वापरा, पण बेताने. अँड्रॉइडमधला नेहमीचा पाच पट्ट्यांचा असेल तर ६० हर्ट्झला +४, बाकी सगळे शून्य. २३० ला वाढवू नका, तिथे वाढवलं की डग्गा गढूळ होतो आणि गायकाचा आवाज डब्यात बसल्यासारखा येतो. वाटलंच तर २३० ला −१ करा. अ‍ॅपमध्ये प्रीअँप (एकूण पातळीची पट्टी) असेल तर जेवढं वाढवलं तेवढं तिथे कमी करा, म्हणजे +४ ला −४. शेल्फ फिल्टर (ठरावीक सुराखालचं सगळं एकत्र वाढवणारा) असेल तर १०० हर्ट्झ, +४, क्यू (चढाची तीव्रता) ०.७. बेस वाढवून एकूण आवाज थोडा उतरला तरी गाणं भरलेलं वाटतं.

हळदबाजार_सांगली:

सगळ्यांचे आभार. करून बघितलं ते सांगतो. दाबून धरल्यावर बेस लगेच आला. "म्म्म" उजवीकडे पातळ होतं. उजवीकडे मोठा रबर आणि डावीकडे मधलाच ठेवल्यावर डग्गा चांगला घुमतो. कव्हर काढल्यावर पिन थोडी आणखी आत गेली, पण मोनोत गाणं आधीही व्यवस्थित वाजत होतं, म्हणजे ग्राउंड ठीक असावं.

दोन गोष्टी उरल्या. उजवा अजून किंचित कमी आहे. आणि एकूण व्हॉल्यूम वाढला असला तरी बसमध्ये पुरत नाही. मग अँप लागेलच ना?

चार_भागांची_पिन:

उजव्याचं आधी. दोन्ही इअरफोन कानांत अदलाबदल करून घाला, रबर मात्र ज्या कानाचा त्या कानालाच ठेवा. कमी आवाज त्याच कानात राहिला तर प्रश्न कानाचा किंवा सीलचा आहे. आत मळ असू शकतो, तो काडीने टोकरू नका, कान-नाक-घसा डॉक्टरकडून काढून घ्या. कमी आवाज इअरफोनबरोबर दुसऱ्या कानात गेला तर नॉझलची जाळी उजेडात धरून बघा. भोकं बुजलेली दिसली तर तोंड खाली धरून मऊ कोरड्या ब्रशने झटका, म्हणजे कचरा आत न जाता खाली पडेल. पाणी, स्पिरिट, सुई काही नको. जाळी स्वच्छ असूनही फरक राहिला तर तो पीस सदोष आहे, मुदतीत बदलून घ्या. दुकानात हीच अदलाबदल करून दाखवलीत तर वाद होणार नाही.

अँपचा हिशेब असा. १०४ डीबी हा आकडा बहुतेक वेळा १ मिलिवॉटला दिलेला असतो. १६ ओहमला १ मिलिवॉट द्यायला साधारण ०.१३ व्होल्ट पुरतात. फोनचा जॅक अर्धा व्होल्ट देत असेल तरी ते चौपट, म्हणजे १२ डीबी वर, ११६. गाण्याची सरासरी पातळी कमाल पातळीपेक्षा १०-१५ डीबी खाली धरा, तरी १०० च्या वर राहते. एवढं ऐकायचंच नाहीये. ताकद फोनमध्ये आहे, कुठेतरी अडकवलेली आहे.

बघायच्या जागा: फोनच्या आवाज सेटिंगमध्ये मीडिया व्हॉल्यूमची मर्यादा लावलेली असते, सॅमसंगमध्ये ती व्हॉल्यूमच्याच पानावरच्या मेनूत सापडते. आयफोनवाल्यांनी हेडफोन सेफ्टीमधलं "मोठा आवाज कमी करा" बघावं. स्पॉटिफायमध्ये व्हॉल्यूम लेव्हल "शांत"वर असेल तर "नॉर्मल" करा. आणि गाण्याच्या अ‍ॅपमधली वेगळी आवाजपट्टी अर्ध्यावर राहिलेली असते, तीही वर घ्या.

साताऱ्याचा_घाट:

इथेच विचारतो. माझे ब्लूटूथ इन-इअर आहेत, फोन अँड्रॉइड. पोवई नाक्यावरच्या गर्दीत फुल करूनही कमी येतो. सील व्यवस्थित आहे.

चार_भागांची_पिन:

सेटिंगमध्ये फोनविषयी माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारा, डेव्हलपर पर्याय उघडतील. त्यात "अ‍ॅब्सोल्यूट व्हॉल्यूम बंद करा" चालू करा, ब्लूटूथ तोडून परत जोडा. आता फोनचा आणि इअरफोनचा व्हॉल्यूम वेगळा झाला. इअरफोनच्या बटणाने किंवा टचने त्याचा आवाज वर घ्या, मग फोनचा ठरवा. पहिल्यांदा फोनचा आवाज अगदी खाली ठेवूनच कानात घाला, नाहीतर एकदम दणका बसेल. लॅपटॉपला जोडल्यावर आवाज रेडिओसारखा चपटा झाला तर माइक चालू होऊन कॉल मोड लागलाय. आउटपुटमध्ये हँड्स-फ्रीऐवजी स्टिरिओ निवडा.

खर्ज_मिरज:

बसबद्दल मला मनापासून सांगायचंय. इंजिनाची घरघर खालच्या पट्ट्यातली असते आणि ती गाण्यातला नेमका बेसच झाकते. व्हॉल्यूमने तिच्यावर मात करायला गेलात तर कानाचं नुकसान ठरलेलं. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आठवड्याला ८० डीबी ४० तास असा आहे आणि दर ३ डीबीला वेळ निम्मी होते. ८९ ला ५ तास उरतात. रोजच्या जाण्या-येण्यातच ते संपतील. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, म्हणून बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हाच मार्ग धरा.

फोमचे टिप घ्या. सिलिकॉनपेक्षा ते नळीच्या आकाराला जास्त चिकटून बसतात. बोटांत वळून बारीक करायचे, कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट ठेवायचं. घाईत सोडले तर बाहेर ढकलले जातात. वरचा आवाज थोडा मऊ होतो, डग्ग्याला त्याने काही बिघडत नाही. काही महिन्यांत फोम कडक होऊन फुगेनासा झाला की बदला. सिलिकॉनचे कोमट साबणपाण्यात धुता येतात, पण नॉझलवरून काढून, आणि पूर्ण वाळवूनच परत चढवा.

इअरफोनच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतील. बेस वाढवायला त्यावर चिकटपट्टी लावा असं कुणी सांगेल. नॉझलच्या बाजूचं बुजवलं तर बेस वाढतो खरा, पण बसवताना कोंडलेल्या हवेने पडदा दबून कर्र वाजतो. मागच्या बाजूचं बुजवलं तर बेस उलट घटतो. मुदत चालू असताना तर हात लावूच नका.

हळदबाजार_सांगली:

मीडिया व्हॉल्यूमची मर्यादा लावलेली निघाली, काढली. अदलाबदलीत कमी आवाज उजव्या कानातच राहिला, म्हणजे पीस चांगला आहे. कान दाखवून घेतो. फोमचे टिप मागवताना माप कसं सांगायचं?

खर्ज_मिरज:

दोन मापं लागतात. नॉझलची जाडी, आणि टिपचं बाहेरचं माप. रबर काढून नॉझल कडेच्या ओठासकट व्हर्नियरने (बारीक मापाच्या कॅलिपरने) मोजा, नसेल तर कागदाची पट्टी गुंडाळून खूण करा, लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. बहुधा ४ ते ६ मिमीच्या मध्ये येईल. भोक नॉझलपेक्षा किंचित लहान घ्या, फोम ताणून बसतो. मोठं घेतलं तर कानात सुटून राहील. बाहेरचं माप उजवीकडे मोठं, डावीकडे मधलं, म्हणून मिश्र मापांचं पाकीट मिळालं तर तेच मागवा. नॉझल गोल नसून लंबगोल असेल तर साधे टिप बसणार नाहीत, तसं असलं तर मागवण्याआधी इथे लिहा.