इलेक्टोरल कॉलेज: दोष छोट्या राज्यांचा की 'जिंकेल त्याचं सगळं' या नियमाचा?

खडूफळा:
अमेरिकेची निवडणूक झाली की हे रडगाणं ठरलेलं असतं. वायोमिंगच्या पावणेसहा लाख लोकांना 3 इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष निवडणारे राज्याचे प्रतिनिधी; त्या सगळ्यांचं मिळून इलेक्टोरल कॉलेज), कॅलिफोर्नियाच्या जवळपास चार कोटींना 54. एका इलेक्टरमागे तिकडे 1.92 लाख माणसं, इकडे 7.32 लाख. म्हणून म्हणे कमी मतं मिळालेला माणूस राष्ट्राध्यक्ष होतो.

आकडे बरोबर, निष्कर्ष मात्र घाईचा. हा फरक येतो कुठून? प्रत्येक राज्याला प्रतिनिधीगृहातल्या जागांइतके इलेक्टर मिळतात, शिवाय सिनेटच्या दोन जागांचे 2. ते 2 सगळीकडून वजा करून बघा. 2016 मध्ये ट्रम्प यांनी 306 इलेक्टर आणि 30 राज्यं जिंकली होती: 306 वजा 60, उरले 246. क्लिंटन यांचे 232, त्यातून 20 राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन मिळून 42 गेले, उरले 190. तरीही ट्रम्पच. 1888 लाही हाच हिशेब. हॅरिसन 233 चे 193, क्लीव्हलंड 168 चे 132. देशभरात क्लीव्हलंड सुमारे 90 हजार मतांनी पुढे होते, पण निकाल फिरत नाही.

खरं दुखणं म्हणजे राज्यात एका मताने पुढे असलेल्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर देऊन टाकणं. हा नियम राज्यघटनेत नाही. इलेक्टर कसे निवडायचे ते घटनेने राज्यांच्या विधिमंडळांवर सोडलंय. कॉलेज मोडायची गरज नाही, हा नियम बदला.

गुणिले_दोन:
देशभरात कमी मतं मिळवणारा इलेक्टरांच्या मोजणीत जिंकला अशा चार वर्षांपैकी सोयीची दोन घेतलीत. उरलेली दोन मी करतो.

2000: बुश 271, राज्यं 30, उरले 211. गोर 267 (राजधानीतल्या एका इलेक्टरने मत कोरं ठेवलं, म्हणून नोंद 266), वजा 42, उरले 225. गोर राष्ट्राध्यक्ष.
1876: हेझ 185 आणि 21 राज्यं, म्हणजे 143. टिल्डन 184 आणि 17 राज्यं, म्हणजे 150. टिल्डन राष्ट्राध्यक्ष.

चारपैकी दोन निकाल फक्त त्या '2' मुळे उलटे लागले. याला किरकोळ म्हणायचं?

खडूफळा:
1876 ला साक्षीला उभं करू नका. फ्लोरिडा, लुइझियाना, साउथ कॅरोलायना आणि ओरेगनचा एक, असे 20 इलेक्टर वादात होते. दक्षिणेत मतदारांना धाकदपटशा, हिंसा, दोन-दोन निकालपत्रं. शेवटी 15 जणांच्या आयोगाने 8 विरुद्ध 7 ने सगळे 20 हेझना दिले. मूळ मोजणीच संशयास्पद, त्यावर वजाबाकी कसली करता?

आणि 2000 मध्ये 537 मतांच्या आघाडीवर फ्लोरिडाचे सगळे 25 इलेक्टर गेले. एवढ्या एका राज्यात ते 13-12 वाटले असते तर बुश 259 वर, म्हणजे बहुमताच्या 270 च्या आतच थांबले असते. त्या '2' ला हातही न लावता.

तिरपी_रेघ:
मग मेन आणि नेब्रास्कासारखं करायचं? मेनमध्ये 1972 पासून आणि नेब्रास्कात 1992 पासून प्रत्येक मतदारसंघाला एक इलेक्टर, राज्यभर पुढे असेल त्याला दोन. नेब्रास्कातल्या ओमाहाच्या मतदारसंघाने 2008, 2020 आणि 2024 मध्ये डेमोक्रॅट उमेदवाराला मत दिलं, बाकी राज्य रिपब्लिकन. ऐकायला छान आहे.

आता हेच 2012 ला देशभर लावा. रॉम्नी 226 मतदारसंघांत पुढे होते, राज्यं 24. बेरीज 274. ओबामांचे 264. ओबामांना देशभरात जवळपास 50 लाख मतं जास्त असताना! मतदारसंघांच्या सीमा राज्यातले सत्ताधारी आखतात, त्यामुळे ती सगळी ओढाताण थेट राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोचेल. रोगापेक्षा औषध भयंकर.

खडूफळा:
मतदारसंघवार वाटप मी सुचवलंच नाही. मतांच्या प्रमाणात वाटा.

गुणिले_दोन:
पहिल्यांदा कोण वाटणार? यातली मेख 1800 पासूनची आहे. 1796 मध्ये व्हर्जिनियात मतदारसंघवार निवड होती, तेव्हा एक इलेक्टर तिथल्याच जेफरसन यांचे प्रतिस्पर्धी जॉन अ‍ॅडम्सना गेला. पुढच्या वेळी व्हर्जिनियाने नियम बदलला आणि सगळे 21 जेफरसनना दिले. उत्तर म्हणून जॉन अ‍ॅडम्सच्या मॅसॅच्युसेट्सने निवडच लोकांकडून काढून विधिमंडळाकडे घेतली. 1836 पर्यंत साउथ कॅरोलायना सोडून सगळे 'जिंकेल त्याचं सगळं' वर आले. कॅलिफोर्नियाने एकट्याने प्रमाणात वाटायचं ठरवलं तर रिपब्लिकनांना वीसेक इलेक्टर फुकट. टेक्ससने केलं तर उलटं. स्वतःच्या पायावर धोंडा कोण पाडून घेईल?

बाभूळबन:
थोडं अवांतर. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीतही थेट मत नाही, पण तिथे आमदाराच्या मताचं मूल्य 1971 च्या लोकसंख्येवरून काढतात. महाराष्ट्राच्या आमदाराचं 175, सिक्कीमच्या आमदाराचं 7. निदान प्रमाण तरी आहे.

तिरपी_रेघ:
@बाभूळबन, आपले राष्ट्रपती सरकार चालवत नाहीत, त्यामुळे तुलना लंगडी आहे.

मूळ मुद्दा: मी कॉलेजच्या बाजूने आहे, आणि कारण फेरमोजणी. 1960 मध्ये केनेडींची आघाडी साधारण 6.88 कोटी मतांत एक लाखाच्या आसपास. थेट निवडणूक असती तर प्रत्येक परगण्यातली प्रत्येक पेटी उघडावी लागली असती. कॉलेज असल्यामुळे भांडण एक-दोन राज्यांत अडकून राहतं.

गुणिले_दोन:
तुमचं हेच कारण मी विरोधासाठी वापरतो. 2020 मध्ये बायडन 70 लाख मतांनी पुढे. पण अ‍ॅरिझोनात 10,457, जॉर्जियात 11,779, विस्कॉन्सिनमध्ये 20,682. ही तिन्ही राज्यं, मिळून 43 हजारांहून कमी मतं, उलटली असती तर 306 मधून 37 जाऊन 269-269. मग निर्णय प्रतिनिधीगृहाकडे, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत, जिंकायला 26. कॅलिफोर्नियाचे 52 सदस्य मिळून एक, वायोमिंगचा एकटा एक. 1824 मध्ये हेच झालं: जॅक्सन 99, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स 84, आणि गृहातल्या 24 पैकी 13 राज्यांनी अ‍ॅडम्सना बसवलं. थेट मतात 70 लाखांच्या आघाडीवर फेरमोजणी कोण मागतो?

खडूफळा:
मान्य, पण थेट मत आणणार कसं? घटनादुरुस्तीला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि 38 राज्यं. 1969 मध्ये प्रतिनिधीगृहाने 338-70 ने मंजूर केली होती, पुढच्या वर्षी सिनेटमध्ये भाषणबाजीने अडवली.

गुणिले_दोन:
म्हणून तर राज्यांचा करार. सामील राज्यांचे इलेक्टर 270 झाले की ती सगळी आपले इलेक्टर देशभरात पुढे असलेल्याला देणार. 2024 मध्ये मेन आल्यावर बेरीज 209 झाली.

तिरपी_रेघ:
आणि तिथेच गाडी अडते. एक, राज्यांच्या आपापसातल्या कराराला काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) संमती लागते असं घटना म्हणते. या करारापुरती ती लागते की नाही, यावर खटला ठरलेला. दोन, देशभरच्या फेरमोजणीची त्यात तरतूद नाही. तीन, किमान टक्केवारीची अट नाही: पाच उमेदवार उभे राहिले तर 30 टक्केवालाही बसेल. निवडणुकीच्या ऐन तोंडावर राज्याने अंग काढून घेऊ नये म्हणून राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीच्या शेवटच्या सहा महिन्यांत बाहेर पडण्यावर बंदी आहे खरी, पण विधिमंडळ बिथरलं तर ती पाळायला लावणार कोण?

बाभूळबन:
किमान टक्केवारीचं म्हणाल तर लिंकन 1860 मध्ये 40 टक्क्यांच्या आतच होते. 303 पैकी 180 इलेक्टर मिळाले. ती अट तुमच्या कॉलेजमध्ये तरी कुठे आहे?