घरी सिनेमा बघताना जेवण सिनेमाला साजेसं असावं का?

रानजाई: शनिवारी घरी सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असेल तर त्या दिवशी बाहेरून काही मागवू नका, घरी रांधा आणि सिनेमाला साजेसं रांधा. 'गुलाबजाम' (२०१८) घ्या ना, लंडनची नोकरी सोडून आलेला सिद्धार्थ चांदेकर पुण्यात सोनाली कुलकर्णीकडे मराठी स्वयंपाक शिकतो, आणि ते बघताना आपल्या हातात पिझ्झाचा तुकडा? मला नाही पटत. वरणभात, तूप, लिंबू, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि गुलाबजाम. पडद्यावरचं आणि ताटातलं एकच असलं की पोरांनाही कळतं की हे आपलं आहे.

कट्टेकर: साफ असहमत. जेवताना सिनेमा बघूच नये. 'द लंचबॉक्स'मध्ये इरफान डबा उघडतो, वास घेतो, तोंडातून शब्द नाही, सगळं त्याच्या चेहऱ्यावर. तेव्हा तुम्ही ताटात लिंबाची फोड शोधताय आणि शेजारी कुणीतरी पापड मोडतंय. सिनेमा धड बघून होत नाही आणि जेवणाकडेही लक्ष नसतं, किती खाल्लं ते कळतच नाही.

सांजवात: माझा मुद्दा वेगळाय. पोळ्या कोण लाटणार? आमच्याकडे असला बेत ठरला की आई तव्यापाशी आणि बाकी सगळे सोफ्यावर, वर हाका, 'अगं ये ना, मस्त सीन चाललाय'. तिने कितीतरी सिनेमे नुसते ऐकलेत. ज्या बेतात रांधणारीला सिनेमा बघायला मिळत नाही तो बेतच मला नको, मग मेन्यू कितीही साजेसा असो.

रानजाई: @सांजवात हे शंभर टक्के मान्य, म्हणून तर मी पोळ्या घेतल्याच नाहीत, पुऱ्या नि भजी पण नाहीत. वरणभात आधी करून झाकून ठेवता येतो. गुलाबजाम तर आधीच करावे लागतात, मंद आचेवर तळायचे, तेल जास्त तापलं की वरून काळे आणि आत कच्चे राहतात, आणि मग पाकात निदान दोन तास तरी मुरायला हवेत. कोशिंबिरीत दही-मीठ तेवढं बसायच्या आधी घालायचं, नाहीतर पाणी सुटतं. सिनेमा सुरू झाला की गॅस बंद, कुणीही उठायचं नाही.

नागपूरचा पोट्टा: पण मॅचिंग पाहिजेच कायले? आम्ही पोरांसोबत 'रॅटाटुई' (२००७), तो स्वयंपाक करणाऱ्या उंदराचा कार्टून सिनेमा, पाहिला तेव्हा हौसेनं त्यातल्यासारख्या वांगं-टोमॅटोच्या चकत्या रचून भाजल्या, पोरांनी तोंड वाकडं केलं अन् वरणफळं मागितली. अन् त्या सिनेमात तरी काय आहे, तो खडूस समीक्षक एका घासात आईच्या स्वयंपाकघरात पोचतो, तो घास साध्या खेड्यातल्या भाजीचाच आहे ना. मग आमची पोरं वरणफळं खात तो सिनेमा पाहतात, ते त्या सिनेमाला धरूनच झालं. पडद्यावरच्या पदार्थाची नक्कल कशाला.

रानजाई: @पोट्टा वरणफळं चालतीलच की, घरचंच आहे ते. पण 'गुलाबजाम' बघताना गुलाबजाम हवेतच, यावर मी मागे हटणार नाही.

कट्टेकर: मग असं करा, आठला पाटावर बसून नीट जेवा, नऊला सिनेमा लावा, आणि गुलाबजाम वाटीत घेऊन बसा. वाटी-चमच्याला माझी हरकत नाही, ताटाला आहे.

रानजाई: वाटीत गुलाबजाम कबूल. पण जेवण मध्यंतरात, पॉज करून. आधी पोटभर वरणभात झाला तर अर्धे लोक पहिल्या गाण्यात झोपतात हो.

कट्टेकर: पॉज केला की लय तुटते. नाहीच पटत.

सांजवात: आठला जेवा नाहीतर मध्यंतरात, पण भांडी कोण घासणार तेही आधीच ठरवा. आमच्याकडे आता ताटं पाणी घालून सिंकमध्ये ठेवायची आणि सिनेमा संपल्यावर मी नि भाऊ घासतो, आई शेवटच्या पाट्या संपेपर्यंत जागची हलत नाही.