युद्धपट बघून काढलेली सैनिकांची चित्रं: खरी की उसनी?

गिरणगावकर
गेल्या आठवड्यात भाचीच्या कॉलेजचं वार्षिक प्रदर्शन बघितलं. लढाईवरून परतलेल्या शिपायावर तिने कोळशात नऊ चित्रं काढलीत. हात चांगला आहे पोरीचा. पण तिसऱ्या चित्रापाशी आलो आणि कुठेतरी बघितल्यासारखं वाटायला लागलं. धुरातून धावणारा जवान, गालावरचा ओघळ, मागे उलटलेली जीप. विचारलं तर सरळ म्हणाली, "मामा, दोन महिने युद्धपट बघत होते. पॉज करून करून स्केचेस केली."

माझं म्हणणं, मग ही सिनेमाची चित्रं झाली, शिपायाची कुठे?

आमचे मोठे काका 1971 च्या लढाईत तोफखान्यात होते. तोफेशेजारी उभं राहून डावा कान गेला, उजवा निम्मा उरला. 1997 ला 'बॉर्डर' लागला तेव्हा आख्ख्या चाळीने त्यांना मिरवत थेटरात नेलं (वरळीची बीडीडी, तिथे सगळं मिरवतच होतं). बाहेर आल्यावर पोरांनी विचारलं, कसा वाटला? काका म्हणाले, "एवढ्या धडाधडीत ह्यांना एकमेकांचं बोलणं ऐकू कसं येतं रे?"

पानिपतावरून आलेला तो निरोप आठवतो ना? दोन मोत्यं गळाली, 27 मोहरा हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणतीच नाही. सिनेमा मोत्यांचा आणि मोहरांचा. काका खुर्द्यातले. तो पडदा पॉज करून कसा सापडणार?

काळाघोडा
साफ असहमत. चित्रकाराने आधी पलटणीत भरती व्हायचं का?

आणि काकांच्या प्रश्नाला सिनेमाने उत्तर दिलंय. 1998 चा 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' बघा. सुरुवातीला फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कॅप्टनच्या जवळ स्फोट होतो आणि आवाज एकदम बसतो. पाण्यात डोकं घातल्यावर जसं घुमतं तसं. समोरचा ओरडतोय, ओठ हलताहेत, शब्द नाहीत. मी तेव्हा शाळेत होतो, घरात कोणी फौजी नाही. तोफेने कान जातो म्हणजे काय होतं हे मला त्या दोन मिनिटांत कळलं. तुमच्या काकांनी तुम्हाला किती सांगितलं होतं?

दुसरं, 'वॉल्ट्झ विथ बशीर' (2008). दिग्दर्शक आरी फोल्मन 1982 च्या लेबनॉन युद्धात इस्रायली सैनिक होता, आणि त्याला तिथलं धड काही आठवत नव्हतं. मग जुन्या सोबत्यांना गाठून, विचारून सिनेमा केला, तोही ॲनिमेशनमध्ये. तिथे चित्र कुठे संपतं आणि सिनेमा कुठे सुरू होतो, सांगा बघू.

कोळसेवाला
काळाघोडा, गाडी उलटी जोडलीत. जर्मन चित्रकार ऑटो डिक्स पहिल्या महायुद्धात मशीनगनवर होता. त्या युद्धावरची त्याची 50 एचिंग्ज (धातूची प्लेट ॲसिडने खाऊ देऊन काढलेली छापचित्रं) 1924 ची. त्याच युद्धावरचा 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' पडद्यावर आला 1930 ला. तुमच्या त्या नॉर्मंडीच्या प्रसंगाचा थरथरता, पुसट पोतही फोटोग्राफर रॉबर्ट कापाच्या तिथल्याच 6 जून 1944 च्या फोटोंवरून घेतलेला. म्हणजे सिनेमाने चित्रातून, फोटोतून उचललं आणि भाचीने सिनेमातून. झेरॉक्सची झेरॉक्स. अक्षर फिकट होणारच.

मी प्रिंटमेकिंग करतो म्हणून सांगतो, डिक्सने जखमेला ॲसिड वापरलंय. प्लेट ॲसिडमध्ये इतकी खाऊ दिली की चेहऱ्याची कातडी सडल्यासारखी दिसते. हे पॉज करून येत नाही.

काळाघोडा
डिक्सनेही त्याच्या आधीच्या स्पॅनिश चित्रकार गोयाची युद्धाची चित्रं बघितली होती हो. मग तीही झेरॉक्सच का?

फौजीची लेक
तुम्ही दोघं युरोप फिरून या, आम्ही अंधेरीतच आहोत.

माझे वडील पायदळातून निवृत्त झाले, आता एका सोसायटीच्या गेटवर बसतात. येणाऱ्याचं नाव, गाडी नंबर, वेळ. रजिस्टरमधलं त्यांचं अक्षर बघण्यासारखं आहे, एक ओळ वाकडी नाही. रात्री पाऊण वाजता आलेल्या डिलिव्हरीवाल्याचीही वेळ "0045". ह्याचं चित्र कोण काढणार? त्यात धूर नाही ना.

मुंबईत परतलेल्या शिपायाचं काय होतं हे बघायचं तर नाना पाटेकरांचा 'प्रहार' आहे, 1991 चा. कारवाईत जायबंदी झालेला पीटर घरी येतो आणि गल्लीतले हप्तेवाले त्याला मारतात. फौजेत वाचला, गल्लीत गेला. त्यावर कोणी चित्रं केलेली माझ्या तरी पाहण्यात नाहीत.

पण गिरणगावकर, तुमचंही पूर्ण पटत नाही. एखादा युद्धपट लागला की आठवडाभर सोसायटीची पोरं वडिलांभोवती जमतात. "अंकल, आप ने गोली चलायी?" प्रश्न बावळट आहे, पण एरवी त्यांना कोणी काहीच विचारत नाही.

रिकामटेकडा
चित्रं टाका की कोणीतरी. न बघताच भांडण चाललंय.

गिरणगावकर
चित्रं तिची आहेत, तिला विचारल्याशिवाय नाही टाकणार.

फौजीची लेक, ते 0045 डोक्यात बसलं. रविवारी भाचीला काकांकडे घेऊन गेलो. आता टॉवरात राहतात. ती वही उघडून बसली आणि काका जेवून झोपले ते झोपलेच. मग काकू बोलायला लागल्या.

लग्नापासून त्या उजव्या कानाच्या अंदाजाने बोलताहेत. आता तोच आवाज झालाय. फोनवर, देवळात, मयतालासुद्धा. चाळीत कोणाला वावगं वाटलं नाही, तिथे सगळेच ओरडायचे. टॉवरात शेजाऱ्यांनी सेक्रेटरीकडे तक्रार केली, ह्या घरात रोज भांडणं होतात म्हणून. काकू हे हसत सांगत होत्या, आणि तेही ओरडूनच. काकांना "चहा घेता का" विचारलं तर खालच्या मजल्यावर कळलं असेल.

भाचीने एक रेघ मारली नाही. मोबाईलवर रेकॉर्ड करत बसली. आता म्हणते, पुढच्या प्रदर्शनात चित्राऐवजी काळोख्या खोलीत नुसता तो आवाज लावणार.

कोळसेवाला
म्हणजे कोळसा वाया.

काळाघोडा
काळोखी खोली, मोठा आवाज. थेटरच झालं की हो, गिरणगावकर.

गिरणगावकर
हे तिला सांगत नाही.