मदत हवी आहे : मराठी बोलणाऱ्या लूथरन पाळकांसाठी कॅटेकिझम आणि अभ्यासपुस्तिका

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी छिंदवाड्याच्या दक्षिणेकडील सौंसर भागात राहते. शाळेत मराठी शिकवून मी आता निवृत्त झाले आहे आणि आमच्या मंडळीच्या साहित्य समितीचे काम पाहते. या भागात स्वीडनच्या इव्हँजेलिकल मिशनने १८७७ साली काम सुरू केले आणि त्यातूनच आजचे मध्य प्रदेशातील इव्हँजेलिकल लूथरन चर्च (जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांची परंपरा मानणारे) उभे राहिले. आमच्या मंडळीत उपासना हिंदीत होते. परंतु सौंसर आणि पांढुर्णा हा पट्टा बोलीने मराठी आहे, त्यामुळे घरातली प्रार्थना, आजाऱ्याच्या उशाशी बसून केलेले वाचन आणि मयताच्या घरचे सांत्वन हे सारे मराठीतच होते. नेमक्या याच ठिकाणी आमच्या पाळकांची आणि सुवार्तिकांची अडचण होते, कारण सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, ते हिंदीतून किंवा इंग्रजीतून शिकलेले असतात आणि त्यांच्या पिशवीत मराठी बायबलखेरीज मराठीतले दुसरे काही नसते.

मराठीत ख्रिस्ती पुस्तके नाहीत असे मला म्हणायचे नाही. अमेरिकन मराठी मिशन, स्कॉटिश मिशन आणि चर्च मिशनरी सोसायटी यांच्यामुळे आपल्याकडे या साहित्याला दीर्घ परंपरा लाभली आहे, आणि मी स्वतः तीच पुस्तके वाचत वाढले. मात्र या संस्था लूथरन नव्हत्या, आणि हा फरक पाळकाला रोजच्या कामात जाणवतो. एक उदाहरण देते. दहा आज्ञांचे क्रमांक लूथरन परंपरेत वेगळे आहेत. मूर्तीविषयीचे वचन तेथे पहिल्या आज्ञेतच धरले जाते आणि लोभाविषयीच्या शेवटच्या आज्ञेच्या दोन आज्ञा होतात. त्यामुळे आईबापांचा मान राखण्याची आज्ञा आमच्याकडे चौथी आहे, तर बहुतेक मराठी पुस्तकांत ती पाचवी असते. दृढीकरणाच्या (मुलांना मंडळीत पूर्ण सामील करून घेण्याआधीच्या) वर्गात मुलाने घरच्या पुस्तकातून एक क्रमांक पाठ केलेला असतो आणि पाळक दुसरा विचारतात. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या, बाबतीत तर प्रश्न क्रमांकापुरता राहत नाही. ख्रिस्ताचे शरीर आणि रक्त तेथे खरोखर दिले जाते, अशी लूथरन शिकवण आहे. मराठीतली अनेक विवेचने मात्र त्याला केवळ स्मरण मानतात. नवा पाळक तयारीसाठी हाती लागेल ते मराठी पुस्तक उघडतो आणि नकळत आपल्याच मंडळीच्या शिकवणीविरुद्ध उपदेश करतो. यात मी त्याचा दोष मानत नाही, कारण त्याला दुसरे पुस्तक आपण दिलेलेच नाही.

म्हणून मार्टिन लूथर यांच्या लहान कॅटेकिझमचे (विश्वासाच्या मूळ शिकवणीच्या प्रश्नोत्तररूप पुस्तकाचे) नवे मराठी भाषांतर आणि त्यासोबत पाळकांसाठी साधारण शंभर पानांची अभ्यासपुस्तिका करावी, असे आम्ही ठरवले आहे. या पुस्तकाचा जन्मच अशा परिस्थितीत झाला होता. १५२८ च्या अखेरीस सॅक्सनीतील मंडळ्यांना भेटी देताना खेड्यांतील लोकांना विश्वासाची मूळ वचनेही ठाऊक नाहीत आणि कित्येक पाळकांना शिकवता येत नाही, हे लूथर यांनी पाहिले आणि १५२९ साली हे छोटे पुस्तक लिहिले. त्याचे काही भाग तर आधी भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापले गेले होते.

तीन गोष्टींबाबत मला जाणकारांची मदत हवी आहे.

पहिली गोष्ट भाषेची आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही एका व्यावसायिक भाषांतरकाराकडून इंग्रजीवरून मसुदा करून घेतला होता. त्यात ‘नीतिमान ठरवणे’ (देव पाप्याला कृपेने निर्दोष ठरवतो) या मध्यवर्ती कल्पनेसाठी सर्वत्र ‘समर्थन’ हा शब्द आला. शब्दकोशात तो बरोबर असेलही, पण ‘देव पाप्याचे समर्थन करतो’ असे वाक्य मंडळीत वाचले गेले तेव्हा वयस्कर सभासद दुखावले आणि तो मसुदा आम्हाला बाजूला ठेवावा लागला. आता मी स्वतः मूळ जर्मन जाणणाऱ्या एका स्नेह्यांच्या मदतीने पुन्हा सुरुवात केली आहे आणि प्रभुभोजनाच्या व्याख्येपाशी अडले आहे. तेथे भाकर आणि द्राक्षरस यांच्या ‘खाली’ ख्रिस्ताचे शरीर व रक्त आहे, असे शब्दशः म्हटले आहे. मराठीत ‘भाकरीखाली’ म्हटले की ताटात भाकरीच्या खाली काहीतरी ठेवले आहे असे वाटते. ‘आड’ म्हटले तर लपवल्याचा भास होतो, आणि ‘भाकरीच्या रूपात’ म्हटले तर भाकर उरलीच नाही असा अर्थ निघतो, जो लूथर यांना मान्य नव्हता. येथे कोणता शब्द योजावा?

दुसरी गोष्ट हक्कांची आहे. पुस्तिकेत बायबलमधील पुष्कळ वचने येणार आहेत. ती कोणत्या भाषांतरातून घेतली तर परवानगीची अडचण येणार नाही?

तिसरी गोष्ट पैशांची. परदेशातील एका लूथरन संस्थेने छपाईसाठी निधी देण्याची तयारी दाखवली आहे. आमची समिती लहान असून स्वतंत्रपणे नोंदणीकृत नाही. हा निधी घेताना कोणती काळजी घ्यावी?

याशिवाय लूथरन कॅटेकिझमची जुनी छापील मराठी प्रत कुणाच्या घरी किंवा ग्रंथालयात पाहण्यात आली असेल, तर कृपया कळवावे.

—

प्रतिसाद १

ताई, मी एका सेमिनरीच्या ग्रंथालयात बरीच वर्षे काम केले आहे. ‘खाली’ या शब्दाविषयीची आपली शंका रास्त आहे. मूळ शब्दाचा रोख ‘कोठे’ या प्रश्नाकडे नसून, ‘जे दिसते त्याच्याबरोबर जे दिसत नाही तेही खरोखर मिळते’ या आश्वासनाकडे आहे. लूथरन ईश्वरविज्ञानात पुढे ‘भाकरीत, भाकरीसह आणि भाकरीखाली’ अशी तिहेरी मांडणी रूढ झाली, तीही एकट्या शब्दाने अर्थ पुरा होत नाही म्हणूनच. माझे मत असे की मुख्य व्याख्येत ‘भाकर व द्राक्षरस यांच्यासह’ असे लिहावे, ‘खरोखर’ हा शब्द गाळू नये आणि ‘खाली’चा खुलासा पाळकांच्या पुस्तिकेत अर्ध्या पानात करावा. पाठांतराच्या पुस्तकात टीप घालू नये, कारण मुले टीपही पाठ करतात. ‘समर्थन’ अर्थातच टाळावे. मराठी बायबलच्या वाचकांना ‘नीतिमान ठरणे’ परिचित आहे आणि तेथे नव्या शब्दाची गरज नाही.

वचनांसाठी पंडिता रमाबाई यांच्या भाषांतराचा विचार करावा. रमाबाई १९२२ साली वारल्या आणि त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे स्वामित्वहक्काची साठ वर्षांची मुदत केव्हाच संपली आहे. भाषा थोडी जुनी वाटेल, पण वाक्ये साधी आहेत. आपल्या मंडळीत बायबल सोसायटीचेच भाषांतर वाचले जात असेल आणि मुलांच्या कानांवर तेच शब्द असावेत असे वाटत असेल, तर सोसायटीकडे वचनांची यादी पाठवून लेखी परवानगी मागावी. कॅटेकिझमच्या मूळ जर्मन मजकुरावर कोणाचा हक्क नाही, परंतु अलीकडच्या इंग्रजी भाषांतरांवर आहे. म्हणून आपण जर्मनवरूनच काम करत आहात, हे प्रस्तावनेत स्पष्ट नोंदवावे.

एक सूचना न विचारता करतो, त्याबद्दल क्षमा असावी. पुस्तक छापून वाटले म्हणजे पाळकाचे शिक्षण झाले असे होत नाही. तमिळनाडूतील तरंगमबाडीला १७०६ साली आलेले जर्मन लूथरन मिशनरी त्सीगेनबाल्ग यांनी छापखाना आणि सेमिनरी ही दोन्ही कामे जवळपास एकाच काळात उभी केली. छापखाना १७१३ मध्ये चालू झाला. जर्मनीतील हाले येथून आलेले छपाईचे तमिळ खिळे (अक्षरांचे ठसे) फार मोठे होते आणि कागद अपुरा होता, म्हणून तेथेच लहान खिळे पाडले गेले. १७१५ मध्ये तमिळ नवा करार पूर्ण छापून झाला आणि पुढच्याच वर्षी स्थानिक सेवकांना घडवण्यासाठी सेमिनरी सुरू झाली. त्याच मिशनमधून आलेले श्वार्ट्झ तंजावरला मराठी शिकले होते आणि मराठा राजे दुसरे सरफोजी लहानपणी त्यांच्या छायेत वाढले. लूथरन पाळक आणि मराठी भाषा यांचा संबंध इतका जुना आहे, म्हणून आपला प्रश्न वाचताना मला विशेष आनंद झाला. आपल्या भागातील पाच-सहा पाळकांनी महिन्यातून एक दिवस एकत्र बसून पुस्तिकेचा एकेक भाग वाचावा आणि त्यावर उपदेश तयार करावा, अशी व्यवस्था पुस्तक छापण्याआधीच सुरू झाली, तर मसुद्यातील चुकाही तेथेच सापडतील.

—

प्रतिसाद २

मी एका धर्मादाय न्यासाचे हिशेब पाहतो, म्हणून केवळ तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो. विदेशी अंशदान (नियमन) कायदा, २०१० प्रमाणे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संस्थेला परदेशी निधी घेता येत नाही, आणि समितीतील कोणाच्या वैयक्तिक खात्यात तो घेणे तर पूर्णपणे टाळावे. पूर्वी एक नोंदणीकृत संस्था दुसरीला रक्कम देऊ शकत असे. २०२० च्या दुरुस्तीने तेही बंद झाले आहे. त्यामुळे आपल्या चर्चची नोंदणी चालू असेल, तर छपाईचा खर्च चर्चनेच थेट करावा, मुद्रकाचे देयक चर्चच्या नावाने घ्यावे आणि समितीकडे केवळ संपादनाचे काम ठेवावे. छापील प्रती परदेशातून मागवणे हा पळवाटेचा मार्ग समजू नये, कारण वस्तूच्या रूपातील मदतही याच कायद्यात येते.

माझा अनुभव असा की पाचशे प्रतींची साधी पुस्तिका मंडळ्यांच्या वर्गणीतून होऊ शकते. परदेशी संस्थेकडून पैशांऐवजी मसुदा तपासणारे जाणकार मागावेत, त्याचा उपयोग अधिक होईल. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन राय राष्ट्रीय एजन्सीकडून विनाशुल्क मिळतो, तो अवश्य घ्यावा.

—

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचीही मी मनापासून ऋणी आहे. ‘यांच्यासह’ हा शब्द काल संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत वाचून पाहिला. माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांनी तो एकदाच ऐकला आणि अर्थ बरोबर सांगितला. आता तोच ठेवते आहे.

निधीबाबत आमच्या पाळकसाहेबांशी बोलले. परदेशी रक्कम स्वीकारायची नाही, वर्गणीतूनच पहिली पाचशे प्रतींची आवृत्ती काढायची आणि त्या संस्थेला केवळ तपासनीस सुचवण्याची विनंती करायची, असे ठरले आहे. आमच्या भागाला पहिले मिशनरी देणाऱ्या स्वीडिश मिशननेच इथिओपियातील ओनेसिमोस नेसिब या सुटका झालेल्या गुलामाला शिकवले होते, आणि त्यांनी १८९९ साली संपूर्ण बायबल ओरोमो भाषेत आणले. त्या कामात आस्तेर गन्नो या तरुणीचा मोठा वाटा होता. आज तेथील मेकाने येसूस या लूथरन चर्चची सभासदसंख्या एक कोटीच्या वर आहे. हे मी पाळकांच्या पहिल्या बैठकीत वाचून दाखवणार आहे.

बैठक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आहे आणि पहिल्या आज्ञेपासून सुरुवात होईल. प्रत्येक आज्ञेच्या अर्थाची सुरुवात लूथर ‘आपण देवाचे भय धरावे आणि त्याच्यावर प्रीती करावी’ या आशयाच्या शब्दांनी करतात. आमच्याकडील मुलांना ‘भय’ म्हणजे केवळ भीती असे वाटते. ‘भय धरावे’ हे बायबलचे रूढ शब्द ठेवून पुस्तिकेत खुलासा करावा, की ‘आदरयुक्त भय’ असे मूळ पाठातच लिहावे, याबद्दल मुलांचे वर्ग घेणाऱ्यांचे मत हवे आहे. जुन्या मराठी प्रतीविषयीची माझी विनंतीही अजून कायम आहे.